तीच चाळीस मेंढरं

“सर, जरा मागं घ्या. ती लंगडी मेंढी मी मगाशी बघितलीय.”

मुक्त विद्यापीठाच्या बारामती अभ्यासकेंद्रातली खोली. सत्तावीस विद्यार्थी, त्यांतले निम्मे बाप झालेले. दोन पंखे, त्यांतला एक फिरणारा. आणि फळ्यावर ताणून बांधलेली पांढरी चादर. चादरीवर युरोपातल्या कुठल्याशा बर्फाळ देशातली चेटकीण आपला काळा कळप घेऊन दरीतून वर चढत होती. ढोल बडवले जात होते, विजा कडाडत होत्या, पुढच्या बाकावरच्या सोनमनं ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. आणि अशा ऐन भरात शेवटच्या बाकावरून सारजा देवकाते बोलली.

विजयसिंह सरांनी सिनेमा थांबवला. सर तिशीचे, पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेतलेले. दर रविवारी येऊन ते बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ‘चित्रपट आस्वाद’ शिकवत. शिकवताना त्यांचे दोन्ही हात कायम चौकट करून हवेत असत, त्यामुळं या खोलीत त्यांनी चहा कधी गरम प्यायला नाही.

“मावशी, मगाशी होती ती राणीची मेंढरं. पांढरी,” सर समजुतीनं म्हणाले. “ही चेटकिणीची. काळी.”

“रंगाचं न्हाय म्हणत मी, सर. मेंढराचं म्हणतीय. राणीकडं हुतं त्येच हितं हाय.”

वर्ग हसला. मधल्या बाकावरचा दिग्विजय एमआयडीसीत फोर्कलिफ्ट चालवायचा आणि जिभेला त्याहून जास्त वजन उचलायला लावायचा. तो म्हणाला, “आक्का, राणीकडनं फुटून चेटकिणीकडं गेलं आसंल. आपल्याकडं काय निवडणुकीला कमी जात्यात व्हय?”

आता सर पण हसले. मग त्यांनी सिनेमा पुढं चालू केला, आणि सारजा गप्प बसली. पण ती सिनेमा बघत नव्हती. ती कळप बघत होती.

सारजाचं वय छप्पन्न. बारामती एमआयडीसीतल्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात ती पोत्यांची तोंडं शिवायची. आजवर तिनं इतकी पोती शिवली होती, की सगळा दोरा सरळ केला असता तर तो कळंबहून निघून दिल्लीला पोचला असता आणि परत येताना भिगवणला मासे खायला थांबला असता. कळंब हे तिचं गाव, इंदापूर तालुक्यातलं. तिथून रोज स्कूटीवर ती कामाला यायची. मोटरसायकलवरची पोरं तिला हॉर्न मारत ओलांडून जायची, आणि वाटेतल्या जंक्शन गावच्या चौकात ती त्या सगळ्यांना परत मागं टाकायची. कसं, ते त्या पोरांना अजून कळलेलं नाही.

शाळा तिनं बाहेरूनसुद्धा बघितली नव्हती. चाळिशीत साक्षरतेच्या वर्गाला गेली, मग पूर्वपरीक्षा दिली, मग एकेक वर्ष करत इथवर पोचली. एवढं कशासाठी, असं कुणी विचारलं की म्हणायची, “पोत्यावर काय छापलंय त्ये वाचाय शिकले. मग थांबताच येईना.”

आयुष्याची पहिली तेवीस वर्षं तिची मेंढरांमागं गेली होती. जन्म वाड्यावर, म्हणजे उघड्या रानात, आणि लग्न झालं तेही मेंढक्यांच्याच घरात. तिच्या सासऱ्यांबद्दल सांगतात, की ते डोळे मिटून नुसत्या शिंकेवरून मेंढरू ओळखायचे. हे सांगणारा त्यांचाच सख्खा भाऊ, म्हणून निम्मं सोडून द्यावं. उरलेलं निम्मं मात्र खरं होतं, आणि ते सगळंच्या सगळं सारजाच्या डोळ्यांत उतरलं होतं. दोनशे मेंढरांत तिला दोनशे तोंडं दिसायची. कुणाचा कान कलता, कुणाचं नाक रुंद, कोण कायम कडेनं चालतं, कोण कुणाच्या सोबतीशिवाय पाऊल टाकत नाही. तुम्ही-आम्ही लग्नात गेल्यावर पाहुणे ओळखतो, तितकंच ते. त्यात विशेष काही आहे, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

सिनेमा संपल्यावर सरांनी प्रकल्प दिला. विषय होता, या कल्पनारम्य चित्रपटाचा रूपबंध आणि त्यातलं प्रतिनिधित्व. पोरांचे चेहरे बघून सरांनी तो विषय सोपा करून सांगितला: “कुणाला दाखवलं, कुठून दाखवलं, किती वेळ दाखवलं, आणि कुणाला दाखवलंच नाही. एवढं बघा. बाकी सगळं त्यातच येतं.”

सारजानं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. सर खरं बोलले होते. ते खरं बोललेत हे पुढं त्यांच्याच ध्यानात राहिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

सिनेमा सरांनी सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवला होता. सारजा घरी आली, भाकरी केल्या, भांडी घासली आणि मोबाइल डब्याला टेकवून बसली. तिचा नवरा दादासो बाजेवर पडून होता. त्याच्याकडं आता दोन म्हशी होत्या, आणि गुडघ्याचं दुखणं होतं; दोन्हींची तो सारखीच सेवा करायचा. सारजा त्याला काही बोलली नाही. नुसता मोबाइल त्याच्या दिशेनं थोडा वळवला.

राणीचा पांढरा कळप आला. हिरवं कुरण, बासरी, रुपेरी झग्यातली राणी. दादासोनं एक डोळा उघडला.

“परदेशी हायत का? तब्बेती बऱ्या हायत,” एवढं बोलून त्यानं डोळा मिटला.

अर्ध्या तासानं चेटकिणीचा काळा कळप आला. ढोलाच्या आवाजानं दादासोनं पुन्हा एक डोळा उघडला आणि कुशीवर वळला. मग म्हणाला, “अगं, ही मगाचीच न्हवं का? त्या म्हाताऱ्या मेंढीच्या डाव्या पायात काटा हाय. कुणी काढंना व्हय अजून?”

सारजानं मोबाइल बंद केला. तिला साक्षीदार मिळाला होता.

पुढचे बारा दिवस तिनं तो सिनेमा तुकड्यातुकड्यानं बघितला. बोटानं थांबवायचा, मोजायचा, वहीत लिहायचं. पांढरी मेंढरं चाळीस, काळी चाळीस. पांढऱ्यांत डाव्या पुढच्या पायानं लंगडणारी म्हातारी मेंढी होती, आणि तिच्या पाठीवर हनुवटी टेकून चालणारी एक तरणी. काळ्यांत तीच म्हातारी आणि तिच्या पाठीवर तीच हनुवटी. पांढऱ्यांत एकाचा कान दुमडलेला, काळ्यांतही. काळ्यांच्या कानांच्या आतली बाजू मात्र पांढरीच राहिली होती, कारण कानात रंग लावू दिला तर ते मेंढरू कसलं. युरोप असो नाही तर इंदापूर, मेंढराची त्या बाबतीतली मतं ठाम असतात.

तिनं बारा पानं लिहिली. हातानं, निळ्या पेनानं, दोन वेळा खाडाखोड करून. त्या रविवारी ती सरांकडं दिली.

पुढच्या रविवारी विजयसिंह सरांनी तिला थांबवून घेतलं. समोर तिची बारा पानं होती आणि त्यांवर लाल शाईत ‘विषय सोडून’ असं लिहिलं होतं.

“देवकातेबाई, तुम्ही मेहनत घेतलीय हे दिसतं,” सर म्हणाले. “पण हे विश्लेषण नाही. सिनेमात काळा कळप हे अंधाराचं प्रतीक आहे. पांढरा कळप म्हणजे निरागसता. तुम्ही प्रतीकावर लिहायचं, तर मेंढराच्या पायातल्या काट्यावर लिहिलंय.”

“काटा हाय म्हणून लिवलंय, सर.”

“अहो, पण दोन्ही कळप एकच आहेत हे तुम्ही ठरवणार कसं? मेंढरं सगळी सारखीच दिसतात.”

सारजानं त्यांच्याकडं बघितलं. हे वाक्य तिनं याआधी एकदा ऐकलं होतं.

ती बावीस वर्षांची होती तेव्हा त्यांच्या कळपातली नऊ मेंढरं एका पहाटे नाहीशी झाली. चार दिवसांनी एका बाजारात तिनं ती ओळखली. कानांवरच्या खुणा नव्यानं कातरल्या होत्या, पाठीवर लाल गेरू फासला होता, पण तोंडं तीच होती. एक तर तिच्या आवाजावर वळून ओरडलंसुद्धा. व्यापारी म्हणाला, माझी आहेत. बाजारावर देखरेख करणारा जो कोणी साहेब होता, तो खुर्चीतून न उठता म्हणाला, “सगळी काळी. सगळी सारखी. तुझी कशावरून?” तिच्या बरोबरची चार मोठी माणसं जमिनीकडं बघत राहिली. बावीस वर्षांच्या सुनेनं चारचौघांत बोलायची रीत नव्हती, म्हणून ती पण जमिनीकडं बघत राहिली. नऊ मेंढरं तिच्या डोळ्यांदेखत गाडीत चढली. सासू ठमाबाई पुढं मरेपर्यंत एकच विचारायची, “तू ओळखली हुतीस न्हवं? मग बोलली का न्हाईस?” दीड वर्षानं उरलेला कळपही विकला गेला.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“काय न्हाय. तुमी म्हणालात मेंढरं सगळी सारखी.”

“म्हणजे, तसं नव्हतं म्हणायचं मला.” सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी खणातून छापलेली आठ पानं काढली. “हे बघा. पुढच्या रविवारी बाहेरून परीक्षक येणार आहेत. डॉक्टर उत्कर्षा मॅडम. फार कडक आहेत. गेल्या वर्षी दुसऱ्या केंद्रावर त्यांनी सहा जण नापास केले. तुमचं वर्ष वाया जावं असं मला वाटत नाही. यात सगळं आहे, अंधार, प्रकाश, प्रतीकं. यावर नाव घाला आणि द्या. बाकीच्यांनी पण साधारण असंच केलंय.”

सारजानं आठ पानं चाळली. गुळगुळीत कागद, ठळक अक्षरं, एकही खाडाखोड नाही.

“ह्यात मेंढरं किती येळा आल्यात, सर?”

“मेंढरं? ती... प्रतीक म्हणून आली आहेत.”

“मग मला जमायचं न्हाय.” तिनं पानं परत ठेवली, आपली बारा उचलली आणि निघाली.

घरी दादासोनं सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीप्रमाणं निर्णय सगळ्यांत सोप्या बाजूनं दिला. “नाव घाल की. पाच वर्षं घासलीस. आता एका मेंढीपायी डिग्री सोडतीस व्हय?”

“तुमी बी ओळखली हुती ती.”

“मी बाजंवर पडून ओळखली. मला कोण परीक्षक इचारणार हाय का?”

“मला इचारणार हाय न्हवं? मग मी सांगणार.”

“आन् नापास केलं तर?”

“तर पुन्ना एक वरीस. मेंढरं तीच ऱ्हात्यात. त्यात काय फरक पडत न्हाय.”

दादासोनं कूस बदलली. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं हा सूर दोनदा ऐकला होता, आणि दोन्ही वेळा त्यानं कूस बदलली होती.

परीक्षेच्या रविवारी अभ्यासकेंद्राच्या व्हरांड्यात सगळे इस्त्रीचे कपडे घालून उभे होते. प्रत्येकाच्या हातात प्रकल्प. कुणाचं वेष्टण निळं, कुणाचं गुलाबी, दिग्विजयचं सोनेरी. तो सारजाच्या कानाशी आला. “आक्का, आत त्या लंगड्या मेंढीबद्दल काय बोलू नका. मॅडमनं सोनमला रडवली.”

“का?”

“‘निरागसता’ म्हंजी काय, म्हणून इचारलं. तिनं लिवलंय, पर तिला कुठं ठाव हाय?”

सारजाचा नंबर आला. आत लांब टेबल, टेबलामागं उत्कर्षा मॅडम, शेजारी विजयसिंह सर. मॅडम पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आणि चष्म्यावरून बघायच्या. बघितल्यावर माणसाला आपण काहीतरी चोरलंय अशी शंका यावी, असं ते बघणं होतं. त्यांच्यासमोर छापील आठ पानं होती, हिरव्या वेष्टणातली. वर छापलं होतं: सारजा दादासो देवकाते.

सरांनीच केलं होतं ते. तिचं वर्ष वाचावं म्हणून, तिला न विचारता. ते आता खिडकीबाहेर बघत होते.

“बसा,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही लिहिलंय, ‘काळा कळप हा सामूहिक भयगंडाचा आविष्कार आहे.’ समजावून सांगा.”

सारजा बसली नाही. टेबलावरचं हिरवं वेष्टण तिनं बघितलं, त्यावरचं आपलं नाव बघितलं. मान हलवायची, दोन शब्द बोलायचे, आणि स्कूटी चालू करायची. एवढंच करायचं होतं.

“मॅडम, ह्ये माझं न्हाय.”

मॅडमनी वेष्टणावरच्या नावावर बोट ठेवलं.

“नाव तुमचं आहे.”

“नाव माझं हाय. लिखाण माझं न्हाय. माझी बारा पानं हायत. हातानं लिवल्यात.” तिनं पिशवीतून पानं काढून हिरव्या वेष्टणावर ठेवली. लाल शाईतलं ‘विषय सोडून’ अगदी वर होतं.

मॅडमनी सरांकडं बघितलं. सरांची दाढी होती म्हणून बरं, नाही तर चेहऱ्याचा रंग सगळा दिसला असता.

मॅडमनी बारा पानं वाचली. सगळी. मध्ये एकदा थांबून परत मागं गेल्या. मग पानं खाली ठेवली. “दोन्ही कळप एकच आहेत, असं तुमचं म्हणणं. कुठल्या पुस्तकात वाचलंत?”

“कुठल्याच न्हाय.”

“या सिनेमावर दोन मोठे समीक्षात्मक लेख मी स्वतः वाचलेत. त्यात कुठं असा उल्लेख नाही. मग संदर्भ काय?”

“मी.”

“तुम्ही म्हणजे?”

“मी मेंढरं राखल्यात. तेवीस वर्षं. मॅडम, तुमच्या समोरनं तुमची सख्खी भन तोंडाला काळं लावून गेली तर तुमी तिला वळखणार का पुस्तकात बघणार?”

सर खुर्चीत हलले. मॅडम हलल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप सारजाकडं फिरवला. “दाखवा.”

सारजानं वही उघडली. मिनिटं आणि सेकंद तिनं लिहून आणले होते. पहिल्या ठिकाणी म्हातारी पांढरी मेंढी आणि तिच्यावर टेकलेली हनुवटी. दुसऱ्या ठिकाणी तीच दोघं काळी. मग दुमडलेला कान, दोनदा. मग कानातला पांढरा रंग. सारजाचं बोट पडद्यावर लागेल इतकं जवळ जायचं आणि लागायच्या आत थांबायचं, पाहुण्याच्या पोराचा गाल धरावा की नको असं व्हावं तसं.

“हे संगणकावरही करता येतं,” मॅडम म्हणाल्या. “एक कळप घेऊन त्याचाच रंग बदलतात.”

“करत आसतील. हितं न्हाय केलेला. आता शेवटाला चला.”

शेवटी राज्यात सुख नांदतं, चेटकीण मरते, तिचा कळप दरीत नाहीसा होतो, आणि राणी आपल्या पांढऱ्या मेंढरांत उभी राहून हसते. सारजानं तिथं थांबवलं. राणीच्या झग्यामागं, चौकटीच्या अगदी कडेला, एक मेंढरू उभं होतं. त्याच्या शेपटीखाली आणि मागच्या मांडीला राखाडी डाग होता, धुऊन न निघालेल्या काजळीसारखा.

“पयल्यांदा काळ्याचं काम उरकलं आन् मग धुऊन पांढऱ्याचं केलं,” ती म्हणाली. “शेपटीखाली कुणी घासलं न्हाय. कोण घासतंय तितं? चेटकिणीचं मेंढरू राणीपाशी हुबं हाय आन् राणीला पत्ता न्हाय.”

विजयसिंह सर उठून तिच्या खांद्यामागं येऊन उभे राहिले. हा सिनेमा त्यांनी चौदा वेळा बघितला होता. ते खाली वाकले, चौकटीच्या कडेला बघितलं, आणि परत जाऊन बसले.

“बरं,” मॅडम म्हणाल्या. आवाज अजून कोरडाच होता. “समजा, तीच मेंढरं आहेत. त्यानं काय सिद्ध झालं? निर्मात्याला दुसरी चाळीस मेंढरं आणायची नव्हती. झालं. यात विश्लेषण कुठंय?”

इतका वेळ उभी असलेली सारजा आता खुर्ची ओढून बसली.

“सरांनी शिकवलंय, कुठनं दाखवलं आन् किती येळ दाखवलं त्ये बघा. म्या बघितलं. मेंढरं पांढरी हुती तवा कॅमेरा गुडघ्यावर बसला हुता, मेंढराच्या डोळ्याइतका खाली. एकेकाचं तोंड दिसतंय. बासरी वाजतीय. एका मेंढीवर कॅमेरा एकवीस सेकंद थांबलाय. त्याच मेंढीला काळं फासलं की कॅमेरा डोंगरावर जाऊन बसला. तितनं तोंड कसं दिसायचं? नुसत्या पाठी, मुंग्या वळवळल्यागत. दोन सेकंद ह्ये, दोन सेकंद त्ये, वर ढोल. मॅडम, मेंढरांनी काय येगळं केलंच न्हाय. तवा बी चढत हुती, आता बी चढत्यात. भ्या मेंढरात न्हाय. त्यो कॅमेरा घेऊन कुठं बसला, भ्या तितं हाय.”

मॅडमनी पेन उचललं होतं, पण लिहिलं नाही.

“आन् काळं का म्हणून वाईट? आमची मेंढरं काळी. त्यांच्या लोकरीचं घोंगडं काळं, त्ये देवापुढं आंथरतो आमी. मी तर हायच काळी. त्या देशात पांढरी आसतील, आसूं द्या. पर वाईट दाखवायला बी त्यांला काळी मिळंनात म्हणून आपलीच रंगवली, ह्ये ध्येनात घ्या.”

“आणखी?”

“आणखी ती मेंढकी बाई. पिक्चरभर मेंढरं तीच वळवती. तिला चौदा येळा दाखवलंय. चौदा येळा पाठ, न्हायतर हात. पिक्चर संपला तरी तिचं तोंड मला ठाव न्हाय. राणीचं ठाव हाय, चेटकिणीचं ठाव हाय. पर नीट बघा, काळी काय आन् पांढरी काय, सगळी मेंढरं तिच्याच हाकंला वळत्यात. राणीच्या न्हाय आन् चेटकिणीच्या बी न्हाय. त्या दोघींना त्यातलं एक मेंढरू तरी वळखता येतंय का, इचारा.”

मॅडमनी बाजूचा प्रकल्पांचा ढीग पुढं ओढला. निळा, गुलाबी, सोनेरी, पिवळा. वरचे चार-पाच त्यांनी उघडून एकापुढं एक मांडले. सगळ्यांचं तिसरं पान ‘सामूहिक भयगंड’ या शब्दांनी सुरू होत होतं.

“तुमची नजर चांगली आहे,” त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. “हे किती जणांनी लिहिलंय, सांगा बरं.”

सारजानं सोनेरी वेष्टण बघितलं. बाहेर व्हरांड्यात दिग्विजय चपला घासत फेऱ्या मारत होता, त्याचा आवाज येत होता. शेजारी सर टेबलाच्या कडेकडं बघत होते.

“त्ये मला इचारू नका,” ती म्हणाली. “मी फकस्त मेंढरं वळखते.”

मॅडमच्या तोंडाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं आणि लगेच जागच्या जागी गेलं. त्यांनी तिचं शेवटचं पान उलटलं. “संदर्भसूची लागते. कोरी चालत नाही.”

“त्यात पुस्तकाचं नावच पायजे का, मॅडम?” सरांनी विचारलं. सारजा आत आल्यापासून ते पहिल्यांदा बोलले, आणि बोलताना ते ‘पाहिजे’ऐवजी ‘पायजे’ म्हणाले. लासुर्ण्याकडचं त्यांचं आजोळ इतक्या वर्षांनी बाहेर आलं.

“माहिती कुठून आली ते पाहिजे,” मॅडम म्हणाल्या.

सारजानं पेन घेतलं. सावकाश, प्रत्येक अक्षर दाबून लिहिलं: सारजा दादासो देवकाते, कळंब. मेंढरं राखली, वर्षं तेवीस. क्षणभर थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली: ठमाबाई देवकाते, हिच्यापाशी शिकले.

मॅडमनी वाचलं आणि पहिल्या पानावर लाल शाईत जे लिहिलं होतं त्यावर आडवी रेघ मारली. “शुद्धलेखन फार वाईट आहे,” त्या म्हणाल्या. “त्याचे गुण कापलेत. पास आहात. पुढच्याला पाठवा.”

सारजानं विचारलं, “किती कापलं?”

“सहा.”

“कापा. त्ये खरंच वाईट हाय.”

बाहेर दिग्विजयनं तिला गाठलं. “काय झालं आक्का? त्या मेंढीचं काढलं का?”

“काढलं.”

“मग?”

“आत जा. आन् भयगंड म्हंजी काय, त्ये आदुगर कुणाला तरी इचारून जा.”

दुपारी ती स्कूटीवरून कळंबला निघाली. ऊस कारखान्याला गेलेला, दोन्ही बाजूंची रानं मोकळी. लासुर्ण्याच्या अलीकडं तिला स्कूटी थांबवावी लागली. रस्त्यावर मेंढरं उतरली होती. शंभर-सव्वाशे तरी असतील. पुढं दोन घोड्यांवर बिऱ्हाड, एका घोड्यावर पालथी घातलेली पातेली आणि त्यांवर बांधलेली कोंबडी. मागं डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, तोंडानं बारीक शीळ घालत चाललेली. कळप डांबरीवरून खालच्या मोकळ्या रानाकडं सरकत होता.

सारजानं स्कूटी बंद केली आणि दोन्ही पाय खाली टेकवून बसून राहिली. एकेक तोंड तिच्या चाकाजवळून पुढं जात होतं. एकाच्या कपाळावर करड्या केसांचा भोवरा, एक दात पुढं आलेलं, एक कडेनंच चालणारं, दुसऱ्याला मधे येऊ न देणारं. ओळखीचं एकही नव्हतं. कुणी तिच्याकडं वळून बघितलं नाही. तसं बघायचं काही कारणही नव्हतं.

मागं एक पांढरी मोटार येऊन थांबली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग काच खाली झाली.

“मावशी, बाजूनं काढा की. मेंढरं काय पयल्यांदा बघताय?”

सारजानं मान वळवली नाही.

“व्हय,” ती म्हणाली. “ही पयल्यांदाच बघतीय.”

हॉर्न वाजत राहिला. मागं रेंगाळलेलं शेवटचं कोकरू डांबरी ओलांडून रानात उतरेपर्यंत तिनं किल्ली फिरवली नाही.